कुत्र्यांमधील पार्वो संसर्ग : मुंबईतील श्वानपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्वो म्हणजे नेमका कोणता आजार?

पार्वो हा कुत्र्यांचा, आणि त्यातही प्रामुख्याने पिल्लांचा, अत्यंत संसर्गजन्य असा विषाणूजन्य आजार आहे. १९७८ च्या सुमारास तो जगाच्या वेगवेगळ्या भागांत जवळजवळ एकाच वेळी दिसू लागला आणि पुढील दोनेक वर्षांत जगभर पसरला. त्या वेळी कोणत्याही कुत्र्याच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसल्यामुळे मोठी कुत्रीही मोठ्या संख्येने दगावली. मांजरांमध्ये फार पूर्वीपासून आढळणाऱ्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी याचे जवळचे नाते आहे. मूळ विषाणूत पुढे बदल होत गेले आणि आज त्याचे २ए, २बी व २सी असे तीन प्रकार आढळतात. उपलब्ध लसी या तिन्ही प्रकारांपासून संरक्षण देतात, त्यामुळे प्रकाराचा विचार पालकांनी फारसा करण्याचे कारण नाही.

या विषाणूला वाढण्यासाठी वेगाने विभागणाऱ्या पेशी लागतात. अशा पेशी वाढत्या पिल्लाच्या आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत भरपूर असतात. आतड्याचे अस्तर रोज नव्याने तयार होत असते. ते तयार करणाऱ्या पेशीच मेल्या की अन्न व पाणी शोषून घेण्याची क्रिया थांबते, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि आतड्यातील जिवाणूंना रक्तात शिरण्याची वाट मोकळी होते. नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जेवरील हल्ल्यामुळे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या घसरलेली असते. डोळ्यांना दिसतात ते रक्ताचे जुलाब, परंतु पिल्लू दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे आणि रक्तात पसरलेल्या जिवाणूसंसर्गामुळे.

आमचे पिल्लू सहाव्या मजल्यावरच्या घरातून एकदाही खाली गेलेले नाही. त्याला संसर्ग कसा होईल?

हा प्रश्न मुंबईत सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागचा गैरसमज महागात पडतो. पार्वो होण्यासाठी आजारी कुत्र्याची भेट व्हावी लागत नाही. आजारी कुत्र्याच्या विष्ठेत विषाणू प्रचंड प्रमाणात असतात आणि डोळ्यांना न दिसणारा तिचा अंश पिल्लाच्या तोंडात जाण्याइतकाच संसर्गाला पुरेसा असतो. तो अंश चपलेच्या तळाला, सायकलच्या अथवा बाबागाडीच्या चाकांना, भाजीच्या पिशवीला, घरकामाला येणाऱ्या व्यक्तीच्या पायांना किंवा लिफ्टच्या लादीवरून फिरलेल्या पोछ्याला लागून घरात येतो. पिल्लू चप्पल चावते, लादी चाटते, पायाशी लोळते; एवढे पुरते.

शिवाय हा विषाणू चिवट आहे. त्याच्याभोवती मेदाचे आवरण नसल्यामुळे साबण, अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर किंवा कोमट पाणी यांनी तो नष्ट होत नाही. सावलीच्या, ओलसर जागी तो अनेक महिने, अनुकूल परिस्थितीत वर्षभरही टिकून राहतो. जिन्याखालची जागा, पार्किंगचा कोपरा, चाळीतील मोरीजवळची जागा, इमारतीमागील गल्ली या ठिकाणी ऊन पोचतच नाही आणि पावसाळ्यात तर चार महिने तेथील ओल हटत नाही. आजारी कुत्रे त्या जागेवरून केव्हाच नाहीसे झाले असले तरी जागा संसर्ग देत राहते. म्हणूनच चपला दाराबाहेरच्या कपाटात ठेवण्याची आपली जुनी सवय पिल्लाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत काटेकोरपणे पाळावी आणि बाहेरून आल्यावर पिल्लाला हात लावण्यापूर्वी हात साबणाने चोळून धुवावेत. साबण विषाणूला मारत नसला तरी भरपूर पाण्याबरोबर तो हातावरून वाहून जातो.

कोणती लक्षणे दिसल्यास विलंब न करता पशुवैद्यांकडे न्यावे?

विषाणू शरीरात शिरल्यानंतर सामान्यतः तीन ते सात दिवसांत लक्षणे दिसू लागतात, क्वचित दोन आठवडेही लागतात. सुरुवात बहुतेकदा साधी असते : पिल्लू खेळत नाही, कोपऱ्यात पडून राहते, एरवी ज्यावर झडप घालते ते खाणे हुंगून सोडून देते. ताप असू शकतो. त्यानंतर काही तासांत किंवा एका दिवसात उलट्या सुरू होतात, आधी अन्नाच्या आणि मग पिवळसर किंवा पांढऱ्या फेसाच्या. त्यामागोमाग पाण्यासारखे जुलाब, ज्यांत पुढे रक्त दिसते आणि ज्यांना विशिष्ट उग्र दुर्गंधी येते. मात्र प्रत्येक पिल्लात रक्त दिसेलच असे नाही, आणि रक्त दिसण्याची वाट पाहण्यात मोलाचा काळ निघून जातो.

चार महिन्यांपेक्षा लहान, लसीकरण अपुरे असलेले पिल्लू सुस्त झाले आणि त्याला दोनदा उलटी झाली, तर तोच दिवस पशुवैद्यांकडे जाण्याचा आहे, असे समजावे. हिरड्या कोरड्या, चिकट किंवा फिकट पडणे, मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसणे, डोळे खोल जाणे, अंग थंड पडणे, झटके येणे ही तातडीची चिन्हे आहेत. लहान पिल्लांच्या रक्तातील साखर काही तासांच्या उपासानेही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

पिल्लू घरी आणून चारच दिवस झाले आणि ते आजारी पडले. आमच्या घरातच विषाणू होता का?

तीन ते सात दिवसांचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, लक्षात घेतला तर बहुधा संसर्ग ते घरी येण्यापूर्वी, जेथून आणले तेथे किंवा प्रवासात झालेला असतो. आईपासून तुटणे, बदललेले अन्न आणि प्रवास यांचा ताण, तसेच पोटातील जंत यामुळे आजार अधिक तीव्र होतो. याच कारणासाठी पिल्लू कोठून आणि कोणत्या वयात घ्यायचे हा प्रतिबंधाचाच भाग आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराचे, डोळ्यांत अजून निळसर झाक असलेले पिल्लू 'दीड महिन्याचे आहे' असे सांगून हातात दिले जाते. असे पिल्लू घेऊ नये. विक्रेत्याने दाखवलेल्या लसीच्या कार्डावर लसीच्या कुपीवरील स्टिकर, तारीख आणि पशुवैद्यांची सही व नोंदणी क्रमांक आहे की नाही हे पाहावे. नुसते 'पहिला डोस झाला' असे पेनाने लिहिलेले कार्ड पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये.

पार्वोचीच बाधा आहे हे कसे ठरवतात?

विष्ठेच्या नमुन्यावर दवाखान्यातच होणारी किट चाचणी दहा-पंधरा मिनिटांत निकाल देते. ती पॉझिटिव्ह आली आणि लक्षणेही जुळत असली तर निदान जवळपास निश्चित मानले जाते. निगेटिव्ह आली तर मात्र पार्वो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा उशिरा विष्ठेतील विषाणूचे प्रमाण कमी असते आणि पातळ जुलाबांत ते आणखी विरळ होते. उलट बाजूने, जिवंत (दुबळा केलेला विषाणू असलेली) लस दिल्यानंतर काही दिवस विष्ठेत लसीचा विषाणू थोड्या प्रमाणात उतरतो आणि किटवर पुसट रेघ उमटू शकते. अशा वेळी रक्ततपासणीतील पांढऱ्या पेशींची संख्या आणि गरज पडल्यास पीसीआर चाचणी यांवर भर द्यावा लागतो. जंत, आतड्यात अडकलेली वस्तू किंवा विषबाधा यांतही अशीच लक्षणे दिसत असल्याने पिल्लाने मोजा, हाड किंवा खेळण्याचा तुकडा गिळल्याची शंका असेल तर ती पशुवैद्यांना आवर्जून सांगावी.

या आजारावर औषधच नाही, असे ऐकले. मग उपचारांवर खर्च करण्यात अर्थ आहे का?

अर्थ निश्चितच आहे. विषाणूला थेट मारणारे सर्वमान्य औषध नाही हे खरे असले, तरी पिल्लाचे शरीर साधारण आठवड्याभरात स्वतः प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार करून विषाणूवर मात करते; तोपर्यंत त्याला जिवंत ठेवणे हाच उपचार असतो. उपचार न मिळालेली बहुसंख्य पिल्ले दगावतात, आणि वेळेवर, सलग व नीट उपचार मिळालेल्या दहांपैकी आठ-नऊ वाचतात. इतका मोठा फरक फार थोड्या आजारांत दिसतो.

उपचारांचा कणा म्हणजे शिरेतून दिले जाणारे सलाईन. त्यात पोटॅशियम आणि साखर यांची पातळी पाहून भर घातली जाते. मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅनसेट्रॉनसारखी उलटी थांबवणारी औषधे, रक्तात शिरलेल्या जिवाणूंसाठी प्रतिजैविके, वेदनाशामके आणि पुढे जंताचे औषध यांचाही त्यात समावेश असतो. एका बाबतीत पशुवैद्यकातील मत गेल्या काही दशकांत बदलले आहे. पूर्वी आतड्याला विश्रांती म्हणून पिल्लाला दिवसेंदिवस उपाशी ठेवले जाई. आता उलट्या आटोक्यात येताच, प्रसंगी नाकातून घातलेल्या नळीने, थोडे थोडे अन्न लवकर सुरू करतात, कारण आतड्याच्या पेशींना पोषण मिळाले की त्या लवकर भरून येतात. २०२३ मध्ये अमेरिकेत या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली. त्याने उपचारांना जोड मिळते, परंतु सलाईन आणि शुश्रूषा यांची जागा ते घेत नाही.

दवाखान्यात दाखल करणे परवडत नसेल तर घरी उपचार करता येतात का?

पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, काही पिल्लांच्या बाबतीत, होय. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने यासाठी एक पद्धत विकसित केली. तिच्यात कातडीखाली दिले जाणारे सलाईन, दीर्घकाळ काम करणारे प्रतिजैविकाचे इंजेक्शन, उलटीवरील औषध आणि ठरावीक अंतराने थोडे अन्न असा क्रम असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखल केलेल्या पिल्लांपैकी ९० टक्के, तर या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी ८० टक्के वाचली. अभ्यास लहान होता आणि घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाची प्रकृती आधी सलाईनने सावरलेली होती, हे विसरू नये. पैशांची अडचण असल्यास ती पशुवैद्यांपुढे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने मांडावी. संकोचापोटी 'उद्या बघू' म्हणणे पिल्लाच्या जिवावर बेतते. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, त्याच परिसरातील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे सुरू झालेले टाटा ट्रस्टचे प्राणी रुग्णालय या मोठ्या संस्था आहेत. निघण्यापूर्वी फोन करून पार्वोच्या रुग्णाला दाखल करण्याची सोय त्या वेळी आहे का, हे विचारून घ्यावे.

घरगुती उपायांविषयी स्पष्टच सांगायला हवे. डाळिंबाची साल, हळदीचे पाणी, ताक, जिरे यांनी पार्वो बरा होत नाही. उलटी करणाऱ्या पिल्लाच्या तोंडात चमच्याने किंवा सिरिंजने जबरदस्तीने पाणी ओतल्यास ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. माणसांसाठीच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या देऊ नयेत आणि पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नये.

लसीकरणाचे वेळापत्रक नेमके कसे असावे, आणि इतके डोस कशासाठी?

पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि या मालिकेतील शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असे वेळापत्रक आज जगभर स्वीकारलेले आहे. छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यापुढे आणखी एक डोस सव्वीस आठवड्यांच्या सुमारास देण्याची शिफारस केली आहे. पूर्वी हा डोस वर्षभराने दिला जाई.

यातील सोळा आठवड्यांचा डोस सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच पुष्कळ घरांत राहून जातो. त्याचे महत्त्व समजण्यासाठी आईकडून मिळणाऱ्या संरक्षणाचा विचार करावा लागतो. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पिते आणि त्यातून आईची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात येतात. ही प्रतिपिंडे साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असतात तोपर्यंत पिल्लू सुरक्षित असते, परंतु लसीतील विषाणूलाही ती तितक्याच तत्परतेने नष्ट करतात आणि लस वाया जाते. पुढे असा एक टप्पा येतो की उरलेली प्रतिपिंडे बाहेरच्या विषाणूला रोखण्यास अपुरी, पण लसीला निष्प्रभ करण्यास मात्र पुरेशी असतात. लस घेतलेली असूनही पिल्लू त्या एक-दोन आठवड्यांत उघडे पडते.

हा टप्पा कोणत्या पिल्लाला कधी येईल हे बाहेरून सांगता येत नाही. कोणाला सातव्या आठवड्यात, कोणाला तेराव्या. एकाच वेतातील भावंडांतही फरक असतो, कारण कोणी चीक जास्त प्यायलेले असते, कोणी कमी. एकामागून एक डोस देण्याचा हेतू ताकद वाढवत नेणे हा नसून, आईची प्रतिपिंडे ज्या क्षणी ओसरतील त्यानंतर शक्य तितक्या लवकर एक डोस लागू पडावा, हा आहे. सोळा आठवड्यांनंतर जवळजवळ सर्व पिल्लांत आईचे संरक्षण संपलेले असते, म्हणून त्या वयात दिलेला डोस लागू पडण्याची शक्यता सर्वाधिक. 'दोन डोस झाले, आता बास' असा हिशेब डोसांच्या संख्येवर चालतो. तो पिल्लाच्या वयावर चालायला हवा. बारा आठवड्यांच्या वयापूर्वीच तीन डोस झालेले पिल्लूही असुरक्षित असू शकते, तर पाच महिन्यांच्या वयात प्रथमच लस मिळालेले पिल्लू बहुधा एकाच डोसात संरक्षित होते, अर्थात पशुवैद्य खबरदारी म्हणून दुसरा देतात.

सव्वीस आठवड्यांच्या डोसानंतर पार्वो, डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस या तिन्हींसाठी तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने डोस देण्याची गरज नसते. मुंबईत मात्र दरवर्षीची लस टाळू नये, कारण 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त लसींत लेप्टोस्पायरोसिसचाही समावेश असतो, त्याचे संरक्षण जेमतेम वर्षभर टिकते, आणि तुंबलेल्या पाण्याच्या व उंदरांच्या या शहरात लेप्टोचा धोका खराच आहे.

लस वेळेवर घेऊनही पार्वो होऊ शकतो का?

मालिका पूर्ण झाल्यावर क्वचितच. वर सांगितलेल्या मधल्या टप्प्यातील संसर्ग वगळला, तर लस बिघडलेली असणे हे दुसरे कारण असते. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते. औषधाच्या दुकानातून घेतलेली कुपी मे महिन्याच्या उकाड्यात पिशवीत घालून लोकलने अंधेरीहून डोंबिवलीपर्यंत नेली, तर कार्डावर स्टिकर लागेल, पण पिल्लाला संरक्षण मिळेलच असे नाही. लस पशुवैद्यांच्या शीतपेटीतील असावी, आपल्यासमोर पावडर व द्रव मिसळून लगेच टोचलेली असावी आणि त्या दिवशी पिल्लू निरोगी असावे. रॉटवायलर, डोबरमन, जर्मन शेफर्ड या जातींत पार्वोचा धोका जास्त आढळतो; त्यांच्या बाबतीत शेवटचा डोस एक दिवसही लवकर उरकू नये. ज्यांना खात्री हवी असेल त्यांना शेवटच्या डोसानंतर किमान चार आठवड्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करून घेता येते.

रेबीजचे इंजेक्शन दिले आहे. ते पुरेसे नाही का?

नाही. ती पूर्णपणे वेगळी लस आहे आणि ती कायद्याने व माणसांच्या सुरक्षेसाठी आवश्यकच आहे, परंतु पार्वोशी तिचा संबंध नाही.

सोळा आठवडे पिल्लाला घरात कोंडून ठेवायचे का?

कोंडून ठेवणे हाही अपायच आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात पिल्लू माणसे, आवाज, वाहने, इतर प्राणी यांना सरावते. हा काळ निघून गेला तर पुढे ते भित्रे किंवा आक्रमक होण्याची शक्यता वाढते. मधला मार्ग असा, की पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर किंवा पिशवीत घेऊन बाहेर न्यावे, रस्त्यावरचा गोंगाट, गणपतीतील ढोल, फेरीवाल्यांची हाक हे सर्व त्याला सुरक्षित उंचीवरून पाहू-ऐकू द्यावे. पूर्ण लसीकरण झालेल्या, ओळखीच्या निरोगी कुत्र्यांशी घरात भेट घडवावी. शिवाजी पार्कचा कट्टा, चौपाटीची वाळू, सोसायटीची बाग, कुत्र्यांच्या पाळणाघरातील किंवा ग्रूमिंगच्या दुकानातील लादी या जागा मात्र शेवटच्या डोसानंतर एक-दोन आठवडे उलटेपर्यंत टाळाव्यात. दवाखान्यातही पिल्लाला मांडीवरच ठेवावे; आजारी कुत्री ज्या जमिनीवर उभी राहतात तीच ती जमीन.

घरात पार्वोचा रुग्ण असेल तर स्वच्छता कशी करावी?

घरोघरी लादी पुसण्यासाठी वापरले जाणारे फिनाईल या विषाणूवर परिणाम करत नाही, मग ते पांढरे असो वा काळे. सुवासिक फ्लोअर क्लीनर आणि बहुतेक सामान्य जंतुनाशके यांचेही तेच. खोलीला दवाखान्याचा वास येतो आणि पालक निर्धास्त होतात, म्हणून ही बाब ठळकपणे सांगणे आवश्यक वाटते. खात्रीने व स्वस्तात काम करते ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बाजारात मिळणारे कपड्यांचे ब्लीच. बाटलीवर साधारण ५ टक्के तीव्रता लिहिली असल्यास एक लिटर पाण्यात ३० मिलिलिटर हे प्रमाण घ्यावे.

क्रम चुकला तर ब्लीचही निरुपयोगी ठरते. विष्ठा, उलटी, अन्नाचे कण यांच्या संपर्कात त्याची ताकद लगेच संपते. त्यामुळे आधी हातमोजे घालून घाण कागदाने उचलून पिशवीत बंद करावी, मग जागा साबणाच्या पाण्याने घासून धुवावी, ते पाणी निपटून काढावे आणि त्यानंतरच ब्लीचचे द्रावण पसरावे. जागा किमान दहा मिनिटे ओली राहिली पाहिजे. पुसून लगेच पंखा लावण्याची घाई करू नये. नंतर साध्या पाण्याने धुवून जागा वाळू द्यावी आणि तोपर्यंत कोणताही प्राणी तेथे येऊ देऊ नये. द्रावण दररोज ताजे करावे. संडास साफ करण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर यांत ब्लीच कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि मुंबईच्या छोट्या, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. संगमरवरी लादीची चकाकी ब्लीचने जाऊ शकते. तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेटवर आधारित, पार्वोवर परिणामकारक असल्याचे लेबलवर नमूद केलेले जंतुनाशक वापरावे.

पिल्लाचे अंथरूण, गोणपाट, कापडी खेळणी, चावलेल्या चपला यांचा मोह न धरता त्या बंद पिशवीतून टाकून द्याव्यात. स्टीलची भांडी ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवता येतात. गालिचा व सोफा पूर्णपणे निर्जंतुक करणे कठीण असते. वाफेने स्वच्छ करणे आणि कडक उन्हात पुन्हा पुन्हा वाळवणे एवढेच करता येते. गॅलरीतील कुंड्यांच्या मातीत पिल्लाने शी केली असेल तर ती माती काढून टाकावी.

आमच्या सोसायटीत एका पिल्लाला पार्वो झाला आहे. काय करावे?

ज्यांच्या घरी आजार आहे त्यांनी तो लपवू नये आणि इतरांनी त्यांना अपराधी ठरवू नये; एकदा लिफ्टवरून भांडणे सुरू झाली की पुढचा रुग्ण लपवलाच जातो. आजारी पिल्लाला उचलूनच न्यावे-आणावे, लिफ्टमध्ये व जिन्यात ठेवू नये. सफाई कर्मचाऱ्यांना त्या मजल्यासाठी वेगळा पोछा द्यावा, आणि आवार पाइपच्या जोरदार पाण्याने धुण्यापूर्वी विष्ठा उचललेली आहे याची खात्री करावी, नाहीतर तीच सर्वत्र पसरते. इतर पिल्लांची कार्डे त्याच आठवड्यात तपासून राहिलेले डोस पशुवैद्यांच्या सल्ल्याने पूर्ण करावेत. लक्षणे दिसण्याच्या आधीपासून, आणि बरे झाल्यानंतरही साधारण दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ पिल्लू विषाणू बाहेर टाकत असते. तेवढा काळ त्याला वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

रस्त्यावरच्या पिल्लांचे काय?

महापालिका व संस्था यांच्या मार्फत प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली होणाऱ्या कामात नसबंदी आणि रेबीजची लस यांचा समावेश असतो. पार्वोची लस त्यात येत नाही. रस्त्यावरच्या पिल्लांना ती मिळते ती त्यांना खाऊ घालणाऱ्या व्यक्तींच्या पदरखर्चानेच. एखाद्या गल्लीतील वेत पार्वोने आजारी पडले तर बहुधा सर्वच पिल्ले एका आठवड्यात आजारी पडतात. निरोगी दिसणाऱ्या भावंडांना आजारी पिल्लापासून लगेच दूर करावे, पण त्यांना थेट घरी, आपल्या कुत्र्यांजवळ आणू नये, कारण तीही संसर्गित असण्याची शक्यता असते. अशा पिल्लांना हाताळून आल्यावर कपडे बदलणे आणि चपला ब्लीचने धुणे हे आपल्या घरच्या कुत्र्यांच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. ज्यांच्या घरी लसीकरण अपूर्ण असलेले पिल्लू आहे त्यांनी ही शुश्रूषा काही आठवड्यांपुरती दुसऱ्या कोणावर सोपवावी, असे आमचे मत आहे. माद्यांची नसबंदी हाच या बाबतीतील दीर्घकालीन उपाय होय.

माणसांना किंवा मांजरांना याची लागण होते का?

माणसांना होत नाही. लहान मुलांच्या गालांवर लाली आणणारा पार्वोव्हायरस बी१९ हा माणसांचा वेगळा विषाणू असून तो कुत्र्यांकडून येत नाही. मांजरांना मात्र कुत्र्यांतील सध्याच्या प्रकारांची लागण होऊ शकते. मांजराचे पॅनल्युकोपेनियाचे लसीकरण पूर्ण असेल तर त्यातून संरक्षण मिळते.

बरे झालेल्या पिल्लाची पुढे कोणती काळजी घ्यावी?

पहिले काही दिवस पचायला हलके अन्न, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे द्यावे. मऊ भात आणि उकडलेली, मीठमसाला नसलेली कोंबडी किंवा पशुवैद्यांनी सुचवलेला आहार चालतो. दूध टाळावे. आजारातून उठलेले पिल्लू अधाशासारखे खाते, त्याला एकदम भरपेट घालू नये. जंताचे औषध पशुवैद्य सांगतील त्या दिवशी द्यावे. आंघोळ तब्येत सावरल्यावर घालावी, कारण केसांना, विशेषतः शेपटीखाली, विषाणू चिकटलेले असतात. पार्वोविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकते, परंतु डिस्टेंपर, लेप्टो आणि रेबीज यांच्या लसी राहिलेल्याच असतात. त्या पूर्ण कराव्यात. काही कुत्र्यांचे पोट पुढे नाजूक राहते आणि आहार बदलला की जुलाब होतात, हे ध्यानात ठेवावे.

पार्वोने पिल्लू गेले. दुसरे केव्हा आणता येईल?

वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छता केली तरी घरातील प्रत्येक भेग निर्जंतुक झाली याची हमी देता येत नाही. त्यामुळे पुढचे सुमारे वर्षभर तरी त्या घरात लसीकरण अपूर्ण असलेले पिल्लू आणू नये. तोपर्यंत थांबणे शक्य नसेल तर मोठ्या वयाचे, पूर्ण लसीकरण झालेले कुत्रे दत्तक घ्यावे. मुंबईतील निवारागृहांत अशी पुष्कळ कुत्री घराच्या प्रतीक्षेत असतात. पिल्लूच हवे असेल तर ते सोळा आठवड्यांचे होऊन त्याचा शेवटचा डोस मिळेपर्यंत आणि त्यानंतर दोन आठवडे उलटेपर्यंत त्याला आहे त्याच ठिकाणी ठेवण्याची विनंती संबंधितांना करावी. आधीच्या घरातील आजाराची माहिती पशुवैद्यांना आणि पिल्लू देणाऱ्या व्यक्तीला आधीच द्यावी.